फिरायला निघण्यापूर्वी



ज्या व्यासपीठावरून काल उपनिषदांवर व्याख्यान झाले आणि उद्या देशाच्या अर्थकारणावर होणार आहे, तेथे आज आम्ही बूट, मोजे आणि टोप्या घेऊन उभे आहोत. चालकांनी आम्हांला विषय दिला होता ‘फिरण्याचा व्यायाम’. पण फिरणे प्रकृतीला चांगले असते, एवढे सांगण्यासाठी तुम्हांला चैत्रवैशाखाच्या उकाड्यात तासभर बसवून ठेवणे आमच्या जिवावर आले. ते तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. आमच्याकडे चौकशीला येणारी मंडळी ‘फिरावे की नाही’ असे कधीच विचारीत नाहीत; ‘बूट कुठले घ्यावेत’ हेच विचारतात. तेव्हा चालकांची क्षमा मागून आम्ही विषय थोडा खाली, म्हणजे पायापर्यंत आणला आहे.

आमचा अधिकार काय, हेही सांगितले पाहिजे. आम्ही डॉक्टर नाही, व्यायामशिक्षक नाही आणि बुटांचे व्यापारी तर नाहीच. पंचवीस वर्षे रोज पहाटे फिरायला जाणारे एक निवृत्त कारकून, एवढीच आमची ओळख. मात्र या पंचवीस वर्षांत चुकीची खरेदी आम्ही इतकी केली आहे, की त्या बाबतीत आमचा अनुभव थोडाथोडका नाही.

प्रथम एक जुनी हकीकत. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या बसगाड्यांवरच्या नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या गाड्या दोन मजली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढतो-उतरतो. हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांत कमी आढळले. पुढे १९५६ साली त्यांनी आणखी मौजेची गोष्ट केली. या नोकरांना मिळणाऱ्या गणवेषांच्या मापांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारी त्याच वयाच्या कंडक्टरांपेक्षा कंबरेत रुंद निघाल्या! शिंप्याच्या वहीतून वैद्यकशास्त्र असे बाहेर आले. आता हा फरक तरुण नोकरांतही दिसत होता. तेव्हा बसून बसून पोट सुटले, की मुळातच स्थूल माणसे ड्रायव्हर झाली, हा प्रश्न उरतोच. पण आमचा मुद्दा निराळा आहे. त्या कंडक्टरांनी व्यायामासाठी म्हणून काहीही विकत घेतले नव्हते. नोकरीच्या कपड्यांत ते जिने चढले.

आज परिस्थिती उलटी आहे. माणूस फिरायचे ठरवतो आणि पहिला फेरफटका दुकानात मारतो. बूट, अंगाला चिकटणारा सदरा, कपाळाला पट्टी, मनगटाला घड्याळ, कमरेला बाटलीचा पट्टा. एवढे सगळे घेऊन घरी येईपर्यंत निम्मा उत्साह दुकानदाराच्या गल्ल्यात जमा झालेला असतो. पंधरा दिवसांनी बूट खाटेखाली, बाटली फ्रीजमध्ये आणि स्वारी अंथरुणात. आमच्या मते या यादीतील एकच वस्तू अशी आहे, की जिच्यावर पैसा खर्च करावा आणि जिच्या बाबतीत कंजूषपणा महाग पडतो. ती म्हणजे पायातली वस्तू. बाकी सगळे घरात असतेच.

आता ती निवडायची कशी? आमचे पहिले बूट आम्ही सकाळी दहा वाजता, एका पायावर उभे राहून, आरशात बघून घेतले. यात तीन चुका झाल्या. पाय दिवसभरात थोडे फुगतात. म्हणून माप संध्याकाळी द्यावे. दोन पाय क्वचितच सारखे असतात. म्हणून दोन्ही मापावेत आणि मोठ्या पायाला येईल तो बूट घ्यावा. आणि आरशात बूट छान दिसतो की नाही ते कळते, पाय सुखी आहे की नाही ते कळत नाही. माप देताना उभे राहावे, कारण अंगाचा भार पडला की पाऊल लांबते. जे मोजे घालून फिरणार तेच घालून दुकानात जावे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. ती नसली की टेकडी उतरताना बोटे पुढे आपटतात आणि नखे काळी पडतात; आमचे एक नख त्या पहिल्या बुटांना अर्पण झाले आहे. टाच मात्र घट्ट धरलेली असावी, चालताना आत वरखाली होता कामा नये. बूट हातात घेऊन वाकवावा. जेथे पाऊल वाकते, म्हणजे चवड्याशी, तेथेच तो वाकला पाहिजे. मधोमध पोळीसारखा दुमडत असेल तर परत ठेवावा.

दुकानदार एक वाक्य नेहमी म्हणतो: ‘वापरून सैल होतील.’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये. कातड्याच्या जुन्या जोड्याबद्दल त्यात थोडे तथ्य होते. पण हल्लीच्या फिरण्याच्या बुटांना पहिल्याच पावलाला बरे वाटले पाहिजे. दुकानात पाच-दहा मिनिटे खरोखर चालावे. लाजू नये, पैसे आपण देणार असतो.

पुष्कळ ठिकाणी आता पायाचा ठसा घेतात, कमान उंच की सपाट ते पाहतात आणि त्यावरून बूट सुचवतात. ऐकायला शास्त्रीय वाटते. अमेरिकेच्या सैन्यदलांत हजारो नव्या शिपायांवर हा प्रयोग झाला. काहींना तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले, काहींना सरसकट एकाच प्रकारचे. २००९-१० च्या सुमारास निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. ज्यांना पायाचा काही विकार आहे त्यांनी अर्थात डॉक्टरांना विचारावे. इतरांनी आपल्या पायाला विचारावे. तो खोटे बोलत नाही.

बूट किती दिवस टिकतो? सामान्यतः पाचशे ते आठशे किलोमीटर सांगतात. रोज चार किलोमीटर चालणाऱ्याचे एवढे अंतर चार ते सात महिन्यांत भरते. हा हिशेब मुळात धावणाऱ्यांसाठी मांडलेला आहे, आणि तो मांडण्यात बूट विकणाऱ्यांचाही उत्साह असावा असा आमचा संशय आहे. आम्ही बूट टेबलावर ठेवून मागून बघतो. टाच एका बाजूला कललेली दिसली, किंवा तळाची नक्षी पुसून गेली, की त्यांना बागकामाला लावतो. पण जपून ठेवलेले बूट चांगले राहतात, हाही भ्रम आहे. आम्ही एक जोड ‘चांगल्या वेळेसाठी’ म्हणून दोन पावसाळे माळ्यावर ठेवला होता. काढून घातला, आणि नाक्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच तळ भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. काही बुटांच्या तळात असे रसायन असते की दमट हवेत ते आपोआप कुजते. बूट घालण्यासाठी घ्यावेत.

येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. आम्ही हे सर्व शिकलो ते आमच्या स्वतःच्या पायांपुरते. त्या काळात आमच्या घरची मंडळीही आमच्याबरोबर फिरायला येत असत. आमच्या पायांत हजारांचे बूट, आणि त्यांच्या पायांत स्नानगृहात घालायच्या रबरी सपाता, त्याही एका बाजूने झिजलेल्या. अशी दोन वर्षे गेली. आम्हांला ते दिसत नव्हते असे नाही. दिसत होते, पण त्यात काही चुकते आहे असे वाटत नव्हते. मग एका सकाळी त्यांनी अंथरुणातून उठून पाऊल जमिनीवर टेकले आणि पुन्हा खाली बसल्या. टाचेत सुरी खुपसल्यासारखी कळ आली होती. दहा-पंधरा पावले टाकली की कळ कमी होई, दुपारी बसून उठल्या की पुन्हा तीच. आम्ही म्हणालो, ‘वातामुळे असेल.’ तेल चोळले. चार महिने काढले.

डॉक्टरांनी पाऊल पाहिले, दुखणे समजावून सांगितले. टाचेपासून चवड्यापर्यंत तळव्यातून एक पट्टा जातो. त्याच्यावर सतत ताण पडला की टाचेशी तो दुखावतो. मग त्यांनी विचारले, ‘दिवसातून उभ्या किती तास असता?’ आमच्या मंडळींनी हिशेब करायला सुरुवात केली: सकाळचा चहा, डबे, स्वयंपाक, भांडी, दुपारचे, संध्याकाळचे. सगळे अनवाणी, कठीण फरशीवर. सहा-सात तास झाले. डॉक्टर आमच्या पायांकडे बघून म्हणाले, ‘आणि आपण किती चालता?’ आम्ही म्हणालो, ‘पाऊण तास.’ ते काही बोलले नाहीत. घरात ज्याचे पाय पाऊण तास राबतात त्याला बूट, आणि ज्यांचे सात तास राबतात त्यांना झिजकी सपाता, हा हिशेब आम्ही जन्मभर कारकुनी करूनही आमच्या ध्यानात आला नव्हता.

‘पायातली वहाण पायातच बरी’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती कोणाला उद्देशून वापरतात ते येथे बसलेल्या भगिनींना सांगायला नको. ज्या समाजाने वहाणेला सर्वांत खालची वस्तू ठरवले, तिच्याबरोबर ती शिवणाऱ्यालाही खालचा ठरवले आणि घरातल्या बाईलाही तिचीच उपमा दिली, त्या समाजात पायाची आबाळ व्हावी यात नवल नाही. आम्ही हे दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही.

टाच बरी झाली, पण तिने सात महिने घेतले. मऊ तळाचे बूट बाहेर, घरातही तशीच चप्पल, आणि भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम. स्वयंपाकघरात चप्पल घालायला आमच्या मंडळींचा प्रथम ठाम नकार होता. शेवटी घरासाठी वेगळी, उंबऱ्याबाहेर कधीही न जाणारी चप्पल, अशी तडजोड झाली. अडचण ज्यांच्या घरी असेल त्यांना ही तडजोड आम्ही विनामूल्य देतो.

दुसरी हकीकत आमच्या एका स्नेह्यांची. मधुमेह पंधरा वर्षांचा. एके दिवशी आमच्याबरोबर टेकडी चढून-उतरून, तासभर गप्पा मारीत घरी आले आणि बूट काढला, तर मोजा रक्ताने भिजलेला. आत एक खडा होता, हरभऱ्याएवढा. तो खडा त्यांना वाटभर लागला नव्हता. जखम चिघळली आणि शेवटी दोन बोटे काढावी लागली.

वेदना नसणे ही चैन वाटते, पण ते मोठे संकट आहे, हे ज्यांनी जगाला पटवून दिले ते डॉक्टर पॉल ब्रँड आपल्या देशातच काम करीत होते. जन्म १९१४ सालचा, तमिळनाडूतील कोल्ली टेकड्यांवर; १९४६ पासून वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडतात, असा सर्वत्र समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की रोगाने जाते ती संवेदना. बोटे जातात ती न कळलेल्या चटक्यांनी, खिळ्यांनी, चावणाऱ्या वहाणांनी. मग हा शस्त्रक्रिया करणारा माणूस वहाणांच्या मागे लागला. बारीक बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला तेथे तयार झाल्या. एम.सी.आर. चपला म्हणून त्या आजही मिळतात आणि आता मधुमेह्यांना दिल्या जातात. दिसायला अगदी साध्या आहेत.

म्हणून ज्यांना मधुमेह आहे त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. फिरायला अवश्य जा, पण आधी पायाची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घ्या. एक नायलॉनचा धागा टेकवून ती पाच मिनिटांत तपासता येते. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवा, रोज. घरी आल्यावर तळवे बघा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा, किंवा नातवाला बघायला सांगा. नवे बूट पहिल्या दिवशी तासभरच घाला. उन्हाळ्यात देवदर्शनाला गेलात तर तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नका. निदान जाड मोजे घालायला देवाची हरकत नसावी. जे इन्शुलिन घेतात त्यांनी खिशात साखर आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. आमचे स्नेही पुन्हा फिरू लागले आहेत, हळूहळू, आणि प्रत्येक वळणावर बूट काढून झटकतात. आम्ही थांबतो.

कपड्यांविषयी फार बोलण्यासारखे नाही. सैल असावेत, घाम टिपणारे असावेत, एवढे पुरे. आपल्या हवेत सुती सदऱ्याला तोड नाही असे आम्ही म्हणतो, पण मोज्यांच्या बाबतीत आम्हांला मत बदलावे लागले. निव्वळ सुती मोजा घाम शोषतो आणि ओला राहतो. ओले कातडे घासले की फोड येतो. लांब चालायचे असेल तर मिश्र धाग्याचा, शिवण बोटांवर न येणारा मोजा बरा. मोजे रोज धुवावेत. शेजारच्या माणसाच्या वतीने ही सूचना.

घाम यावा म्हणून प्लास्टिकचे जाकीट घालून फिरणारे लोक आम्ही पाहिले आहेत. वजनकाट्यावर त्यांचे अर्धा किलो कमी होते आणि दोन पेले पाणी प्यायल्यावर परत येते. गेले ते पाणी. चरबी होती तेथेच आहे. उन्हाळ्यात हा प्रकार धोक्याचाही आहे. घोट्यांना वजने बांधून चालणारेही असतात. त्याने चाल बिघडते आणि गुडघे कुरकुरतात.

भगिनींना साडीत चालता येत नाही असे नाही. शेतात, डोंगरात, वारीत आपल्या बायका साडीतच मैलोगणती चालत आल्या आहेत, पण ती साडी घोट्याच्या वर खोचलेली असते. शहरात पायघोळ साडी आणि भराभर चालणे यांचे जमत नाही. सलवार-कमीज बरी, फक्त ओढणी सांभाळावी. आणि साडीवर बूट कसे दिसतात, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी दुसरीकडे बघावे.

पहाटे अंधारात निघणाऱ्यांनी पांढरे घालावे. काळी शाल आणि काळी माकडटोपी घातलेला माणूस गाडीवाल्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. चमकणारी पट्टी पाठीवर शिवून घेतली तर फारच उत्तम. सायकलच्या दुकानात स्वस्त मिळते. पदपथ नसेल तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन आपल्याला दिसते. कानात गाणी घालून चालणाऱ्यांना मागचा भोंगा ऐकू येत नाही, हे त्यांना ओरडून सांगितले तरी ऐकू येत नाही. पावसाळ्यात छत्री, आणि ओलसर बूट उन्हात न भाजता आत कागद कोंबून वाऱ्यावर वाळवावेत. एकाऐवजी दोन जोड आलटून पालटून वापरणे परवडले तर त्या दिवसांत सोय होते.

काठी म्हातारपणाची खूण समजून लोक टाळतात आणि पडतात. हात सरळ सोडल्यावर मनगटाची घडी जेथे येते तेवढी काठीची उंची असावी. खालचे रबर झिजले की बदलावे. एक पाय दुखत असेल तर काठी विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. नाटकातले लंगडे नेहमी उलट करतात.

राहिले मनगटावरचे पावले मोजणारे यंत्र. रोज दहा हजार पावले, हा आकडा कोठून आला? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. जाहिरातीतले नाव हळूहळू शास्त्रवचन होऊन बसले. २०१९ साली आय-मिन ली या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सोळा हजारांवर वृद्ध स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. सरासरी वय बहात्तर. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते, आणि साडेसात हजारांनंतर लाभ फारसा वाढत नव्हता. चालल्यामुळे जगल्या, की धडधाकट होत्या म्हणून चालल्या, हे अशा अभ्यासावरून पक्के सांगता येत नाही. तरीही नऊ हजार आठशे पावले भरली म्हणून रात्री अकरा वाजता दिवाणखान्यात येरझारा घालणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्यांना हे सांगून आम्ही झोपायला पाठवले आहे. यंत्र मुलांनी वाढदिवसाला दिले असेल तर घालावे. विकत घ्यावयाचे असेल तर आधी घरातल्या सगळ्यांच्या पायांकडे बघून घ्यावे.

घड्याळ पावणेआठ दाखवीत आहे. सायंकाळची वेळ आहे, दिवसभराच्या वावराने तुमचे पाय बेताचे फुगलेले आहेत आणि कोपऱ्यावरचे बुटांचे दुकान साडेआठपर्यंत उघडे असते, हे आम्ही येताना विचारून घेतले आहे. मोजे घातले नसतील तर तेही तेथेच मिळतात. जाताना एकट्याने जाऊ नये. घरी जे कोणी स्वयंपाकघरात उभे असेल त्यांना बरोबर घ्यावे, आणि पहिले माप त्यांचे द्यावे.